चढावरचे ॲव्हरेज

बर्फाचा कारखाना डोंगराच्या पायथ्याशी आणि बर्फाचे गिऱ्हाईक डोंगराच्या माथ्यावर, ही व्यवस्था थंडोबाच्या वडिलांनी कोणत्या मुहूर्तावर लावली होती, ते विचारायला आता वडील उरले नव्हते. पायथ्याशी पाणी मुबलक, म्हणून कारखाना तिथे. माथ्यावर तळे, तळ्यात मासे, आणि माशांना मेल्यानंतरही काही काळ ताजे दिसावे लागते, म्हणून बाजार तिथे. मधल्या वळणावळणाच्या चढावर या घराच्या दोन पिढ्या उन्हाशी शर्यत लावत आल्या होत्या.

थंडोबा हे त्याचे खरे नाव नव्हे. बाजाराने ते त्याच्या धंद्यावरून ठेवले होते. बायकोचे म्हणणे, बाजाराने माणूस बरोबर ओळखला. कोणतीही गोष्ट पूर्ण निवेपर्यंत तो तिच्याबद्दल बोलत नसे. "घाईत घेतलेला निर्णय आणि घाईत गोठवलेली लादी, दोन्ही मधोमध तडकतात," असे तो म्हणे. लादीपुरते ते खरेही होते.

म्हणून वडिलांच्या वेळची जुनी पिकअप गिअरबॉक्ससकट मोडून पडली, तेव्हा नव्या गाडीच्या शोरूममध्ये तो बायको आणि मेहुणा यांना घेऊन गेला. निर्णय चुकलाच, तर तो एकट्याचा असू नये.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी आणि एक निळी. हौदा तोच, चाके तीच. फरक होता तो बॉनेटखाली. पांढरीचे इंजिन मोठे होते आणि तिची भूकही मोठी. निळीचे इंजिन लहान होते आणि तिचे गुणगान छापील होते.

"साहेब, ही ताकद आणि ती बचत," गळ्यात टाय बांधलेला विक्रेता म्हणाला. "दोन्ही एकाच गाडीत मिळालं असतं तर मला बोलायला पगार कुणी दिला असता?"

मेहुण्याचे टायरचे दुकान होते आणि गाड्यांविषयी तो छाती पुढे काढून बोलत असे. "दाजी, घाट चढायचाय. घाटाशी वाटाघाटी करायच्या नाहीत. डोळे मिटून पांढरी घ्या."

"पांढरीला पाजता पाजता मीच कोरडा पडेन. जुनीनं काय कमी प्यायलं? माझी अर्धी कमाई तिच्या धुरात गेली."

"म्हणून रेड्याच्या जागी शेळी जुंपणार?"

"शेळी दूध तरी देते."

"अहो, तुम्ही दोघं मघापासून इंजिनाबद्दल बोलताय," बायको म्हणाली. तिचा आवाज मोठा होता. शोरूमच्या काचा त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. "बर्फाबद्दल एक शब्द नाही. गाडी कशासाठी घेतोय आपण?"

"बर्फाचं काय, तो कुठंही बसतो," थंडोबा म्हणाला आणि निळीच्या दारावरून त्याने हात फिरवला.

निळीची परीक्षा सपाट रस्त्यावर, रिकाम्या हौद्यानिशी झाली. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली.

माणसाला आयुष्यात एखादे व्यसन असावे असे म्हणतात. थंडोबाला ते उशिरा आणि अनपेक्षित ठिकाणी लागले. निळीच्या स्टिअरिंगमागे एक छोटा पडदा होता आणि त्या पडद्यावर एक हिरवे पान उमटे. पाय ॲक्सिलरेटरवर हलका असला, इंजिनाला ओढ नसली, की पान उजळत असे. पाय जरा जड झाला की ते विझे. उजाड डोंगराच्या त्या चढावर, जिथे खरे पान औषधाला सापडत नव्हते, तिथे हे एकच पान त्याच्या संयमावर जगत होते. ते कोमेजू नये म्हणून तो श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. त्याला मागे टाकून ट्रक गेले, बस गेली. एकदा चढावर पायी चाललेल्या दोन बायकाही पुढे गेल्या आणि त्यांतल्या एकीने वळून काळजीने विचारले, "बंद पडली का हो?"

पण ॲव्हरेज! कंपनीने कबूल केले होते त्याहून ते जास्त आले. उन्हाळा सुरू झाला तसे ते आणखी वाढले. ऊन कडक झाले, डांबर मऊ पडले आणि ॲव्हरेज असे चढत गेले, की पेट्रोलपंपावरचा माणूस त्याला पाहताच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू लागला. कारण थंडोबा, जो एरवी दिवसाला मोजकी वाक्ये बोलत असे, तो आता ऐकणारा सापडला की सोडत नसे.

"उन्हाळ्यात कशी काय जास्त देते?" मेहुण्याने विचारले.

"इंजिन मोकळं होतंय. नवा जोडा नाही का, वापरून वापरून सैल पडतो?"

"इंजिन म्हणजे जोडा आहे का, दाजी?"

"तू टायर बघ."

माथ्यावरच्या बाजारात मात्र कौतुक उतरणीला लागले होते. तिथला लिलाव जिच्या हातात होता तिला लहानथोर सगळे मावशी म्हणत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा, आणि एक डोळा कायम काट्यावर. बर्फ वजन करून घ्यायचा तो माथ्यावर, आणि पोचेल तेवढ्याच बर्फाचा दाम द्यायचा, हा बाजाराचा जुना रिवाज होता. वाटेतले ऊन ज्याचे त्याने सोसायचे.

"थंडोबा, ही लादी आणलीस की साबणाची वडी?" मावशीने आकड्याने गोणपाट बाजूला सारले. "तुझ्या बाबाची लादी उचलायला दोन गडी लागायचे. ही मी एका हातानं उचलते, आणि माझा हा खांदा कामातून गेलाय."

"मावशी, उन्हाळा आहे."

"उन्हाळा तुझ्या बाबाच्या वेळीही होता. तो काय सावली पांघरून यायचा?"

"पण गाडी काय ॲव्हरेज देते म्हणून सांगू—"

"मासे ॲव्हरेजवर झोपवू?"

घरी येऊन त्याने दोष शोधायला घेतला, आणि तो मनापासून शोधला. लाद्या गोठवायचे डबे अपुरे भरत असतील म्हणून कामगारांना दटावले. भुसा वाढवला, गोणपाटे दुप्पट केली, मिठाचे पाणी बदलले. सगळे तपासून झाले. त्याचा स्वतःचा उजवा पाय तेवढा तपासायचा राहिला.

"डबे काठोकाठ होते," बायको म्हणाली. "मी उभी होते तिथं. वितळतंय ते वाटेत. तुम्ही पोचता कधी?"

"पोचतो की."

"वरातीसारखे पोचता!"

मग मावशीचा निरोप आला. शनिवारी तळ्यात वर्षाची मोठी जाळी पडणार होती. दुपारच्या लिलावाआधी भरल्या अंगाच्या लाद्या आल्या तर ठीक. नाहीतर डोंगरापलीकडचा बर्फवाला कधीपासून विचारतो आहे. निरोप एवढाच होता, पण त्याचा अर्थ घरात सर्वांना लागला. माथा गेला की पायथ्याशी उरत होते दोन सरबतवाले आणि एक आइस्क्रीमची गाडी. तेवढ्यावर कारखाना चालणार नव्हता, आणि कारखान्यावर घर चालत होते.

नियतीला विनोदाचे अंग असते, पण वेळेचे भान नसते. त्याच आठवड्यात शोरूममधून फोन आला. परिसरातल्या सगळ्या निळ्या गाड्यांमध्ये सर्वाधिक ॲव्हरेज कुणाचे, याची कंपनी नोंद घेत होती आणि साहेब सगळ्यांच्या कितीतरी पुढे होते. मोजणीत या आठवड्याची टाकी शेवटची. नंबर टिकला तर साहेबांचा फोटो शोरूमच्या भिंतीवर.

शनिवारी हौदा पुरता भरला. निघताना बायको खिडकीशी आली.

"आज ते पान-बिन बघू नका. पाय दाबा."

"दाबतो."

आणि त्याचा तसा खरोखर विचार होता. पहिल्या वळणावर त्याने पाय दाबला, पान विझले. त्याला उगाचच एखाद्या झोपलेल्या जिवावरचे पांघरूण ओढल्यासारखे वाटले. पुढे जरा सपाटी लागली, तिथे त्याने पाय सैल सोडला, फक्त तेवढ्या तुकड्यापुरता. पान आले. पुढच्या चढावर दाबायचेच होते, पण चढ तसा सौम्य होता. त्यापुढचा सौम्य नव्हता, पण त्यानंतरचा होणार होता. माणूस एकदम चुकत नाही. तो वळणावळणाने चुकतो आणि प्रत्येक वळणावर त्याच्यापाशी कारण असते.

अर्ध्या चढावर मागून हॉर्न वाजला. मेहुणा मोटारसायकलवर होता आणि त्याच्या मांडीवर गोणपाटांची चळत होती.

"ताईनं पाठवलंय, आणखी झाका म्हणाली. दाजी, तुम्ही अजून इथंच? मला वाटलं आज तरी वर गाठावं लागेल!"

"आलास ते बरं झालं."

"येतोय कसला, तुमच्या पाण्यातून घसरत आलो. जरा मागे बघा तरी."

थंडोबाने गाडी कडेला घेतली, उतरला आणि मागे पाहिले.

निळीच्या शेपटापासून एक काळीशार ओली रेघ निघाली होती. ती वळणाला वळण देत खाली उतरत होती, कठड्याआड जाऊन पुन्हा दिसत होती. खाली, फार खाली, ती आधी राखाडी आणि मग नाहीशी झाली होती. ऊन तिला खालच्या टोकाकडून पुसत वर येत होते. एवढे सुंदर असे त्याने स्वतःच्या हाताने कधी काही काढले नव्हते. हौद्याच्या फटीतून पाण्याची धार संथपणे, न घाबरता पडत होती.

तो तिच्याकडे पाहत राहिला आणि हिशेब त्याला आपोआप उलगडला. ऊन वाढले की ॲव्हरेज का वाढते. इंजिन मोकळे होत नव्हते, हौदा मोकळा होत होता. जितके हळू चालवावे तितके जास्त वितळावे, जितके वितळावे तितके ओझे हलके व्हावे, आणि ओझे हलके झाले की पान आनंदाने हिरवे राहावे. डिझेलचा थेंब वाचवायला तो घागरीने बर्फ ओतत आला होता.

"दाबा आता, दाजी!" मेहुणा ओरडला.

थंडोबाने पाय तळाला टेकेपर्यंत दाबला. निळी किंचाळली, थरथरली, तिने होता नव्हता तेवढा जीव काढला. फक्त वेग काही वाढला नाही. लहान इंजिनाने त्याला कधी फसवले नव्हते. जे नाही ते नाही, असे निळीने छापूनच दिले होते. पान विझले, डिझेल जळू लागले, पाणी गळतच राहिले, आणि मोटारसायकल काळजीने त्याच्या बाजूने रांगत राहिली.

माथ्यावर लिलाव सुरू झाला होता. बाजाराच्या दाराशी एक पांढरी पिकअप उभी होती, पलीकडच्या डोंगरउतारावरून आलेली, आणि तिच्यातून चौकोनी, धारदार कडांच्या लाद्या उतरत होत्या. मावशीने थंडोबाचा उरलासुरला बर्फ काट्यावर ठेवला, होईल तेवढा दाम हातावर टेकवला आणि म्हणाली, "तुझ्या बाबाकडे बघून आजवर थांबले. आता नाही जमायचं."

त्याने पैसे न मोजता खिशात घातले. एवढ्यात फोन वाजला. शोरूममधला टाय होता.

"साहेब, आत्तापर्यंतचे आकडे बघतोय. आज गाडी उभी जरी जाळली तरी नंबर तुमचाच! भिंतीवर फोटोखाली दोन ओळी टाकायच्यात. गुपित काय तुमचं?"

"माल वाटेत सांडायचा," थंडोबा म्हणाला.

पलीकडे मनमुराद हसणे झाले. "साहेब, तुम्ही दिसता गंभीर, पण आहात भारी!"

तो गाडीकडे वळला तशी मावशीने मागून हाक मारली. "अरे थांब. रिकामा कशाला उतरतोस? शहरात मासे न्यायला मला माणूस हवाय. आधीचा घाटात असा उधळायचा, की खाली पोचेपर्यंत पेट्यांत माशांचा लगदा. तुझ्यासारखं सावकाश चालवणारा या डोंगरात दुसरा नाही. करशील?"

"आणि बर्फ?"

"पेट्यांत घालून देईन ना. याचाच." तिने आकडा पांढऱ्या गाडीकडे केला.

थंडोबाने विचार निवू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही गरम असताना कबूल केले.

मग धंद्याचा जम बसायला वेळ लागला नाही. चढताना गाडी रिकामी आणि उतरताना भरलेली. अशा कामाला ताकद लागत नाही, लागतो तो फक्त चांगला ब्रेक. मेहुण्यालाही कबूल करावे लागले, की या कामासाठी याहून शहाणी गाडी बाजारात नाही. निवड अचूकच होती. तिच्याजोगा धंदा तेवढा उशिरा सापडला. ॲव्हरेज असे झाले, की कंपनीने मीटर तपासायला माणूस पाठवला.

सरबतवाले आणि आइस्क्रीमवाला बर्फ दुसरीकडून घेऊ लागले, त्या संध्याकाळी बायकोने कारखान्यात जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. घर कारखान्याला लागूनच होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्या कॉम्प्रेसरची घरघर भिंतींत, भांड्यांत, झोपेत अखंड भरलेली असे, आणि तिच्यावरून आवाज चढवल्याखेरीज या घरात कुणी कुणाशी बोलले नव्हते. बायको परत आली, हात पुसले आणि नेहमीसारखी ओरडली, "उद्या किती वाजता निघायचंय?"

तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि ती स्वतःच दचकली. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, इतक्या हळू, की हा आवाज तिच्याजवळ होता हे त्याला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हते.

"घाई नाही," तो म्हणाला. "जाताना रिकामंच तर जायचंय."