मापाला आणलेला ब्लाउज

"मुमताजआपा, परक्या बायकांच्या अंगाला टेप लावायला तुम्हांला लाज नाही वाटत?"

विचारलं एकदाचं! माझं तोंडच उघडणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. दोघी शिलाईच्या दुकानाबाहेर, चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर उभ्या राहून फिदीफिदी हसत होत्या. मी मात्र लगेच जीभ चावली.

आपांनी खडू खाली ठेवला. "तुझ्या आईचा ब्लाउज कुठल्या मापानं शिवतात, ठाऊक हाय?"

"नाही."

"लग्नातल्या. तू पोटात पण नव्हतीस तवाच्या."

खोटं नव्हतं ते. आपांचे अब्बा, मीरासाहेब, शिंपी असूनही बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नसत. मापाला जुना ब्लाउज ठेवून घ्यायचे. जुन्यावरून नवा, नव्यावरून त्याच्या पुढचा. बाया बाळंत झाल्या, सुटल्या, वाळल्या. माप जागचं हललं नाही. यंदा अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कात्री लेकीच्या, म्हणजे आपांच्या, हातात आली. नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्या मागे बसून ब्लाउजांना हुका लावत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळे जुने ब्लाउज परत केले, आत पडदा टांगला आणि हात मोकळा वर व्हावा म्हणून काखेत चौकोनी तुकडा जोडायला सुरुवात केली.

मग काय! नळावर दुसरा विषयच नाही. शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या, "आपली मापं गावभर सांगत फिरंल ती!" निम्मी गिऱ्हाइकं जुने ब्लाउज घेऊन समोरच्या बेलबॉटम शिवणाऱ्या शिंप्याकडे गेली. अब्बांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर दुकान भाड्याने द्यायचं. म्हणजे आपांनी पुन्हा कुणाच्या तरी मागे बसून हुका लावायच्या.

मला राहवेना. आईला ओढतच घेऊन गेले. आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. वरच्या फळीवरचे खोके काढायला हात वर केला की काखेत टर्रकन फाटायचं. दर रविवारी सुईदोरा ठरलेला.

"मला न्हाई मोजून घ्यायचं," आई पडद्याशीच अडली.

मी तिला तिचीच फाटलेली काख दाखवली आणि आत ढकललं. आपांनी माप घेतलं, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ब्लाउज कापून झाल्यावर ती चिठ्ठी आईच्याच हातात ठेवली. "सोजरबाई, ही तुमच्यापाशी राहू द्या. माझ्याकडं काय बी नको."

आईने चिठ्ठीची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत घातली. पहिल्यांदाच हसली.

नवा ब्लाउज घालून ती शिफ्टला गेली. संध्याकाळी मी दारातच तिचा हात वर केला. शाबूत!

"आगं, सोड की! दिवसभर बाया हेच करत व्हत्या," आई म्हणाली.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर पॅकिंगच्या बाया थेट दुकानात. अब्बांना दिसत नव्हतं, नुसता गलका ऐकू येत होता.

"किती जणी हायत, मुमताज?"

"अकरा, अब्बा." आपांनी टेप गळ्यात अडकवला.

अब्बा चाचपडत उठले, आपलं स्टूल उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. आत बायांना मोकळं वाटावं म्हणून.

त्या रात्री जेवताना अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला टायपिंगच्या क्लासला घालायचं परत काढलं. मी ताट बाजूला सारलं.

"अण्णा, आई, मी टायपिंग शिकणार नाही. मॅट्रिक झाली की मुमताजआपांच्या हाताखाली कटिंग शिकणार. त्यांना विचारून आलेय."