कच्ची आवृत्ती

सालो गावातला फोनचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी रेयो लेहतोवाराची खाज काही गेली नाही. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं, लोकांच्या हातात जायच्या आधी फोनमधल्या चुका हुडकायच्या. हल्ली कंपन्या नव्या सॉफ्टवेअरची कच्ची आवृत्ती सगळ्यांसाठीच खुली करतात. घ्या, वापरा आणि बिघडलं तर कळवा! फुकटात राबणारे असे लाखो लोक त्यांना मिळतात. रेयोला मात्र त्यात आपला मान परत मिळाल्यासारखं वाटे.

स्वतःच्या फोनवर त्याने अशी नवी आवृत्ती पहिल्याच दिवशी टाकली. पण एकाच फोनवरची चाचणी त्याला अर्धवट वाटे. मग त्याने मार्केटाचा, म्हणजे बायकोचा फोन मागितला.

"टाक काय ते," ती म्हणाली. "माझा गजर तेवढा वाजू दे म्हणजे झालं."

मार्केटाला लहानपणापासून मधुमेह. रक्तातली साखर खाली गेलेली तिला आताशा जाणवतही नसे. दंडावरचा सेन्सर फोनला कळवी आणि फोन बोंब मारी. त्या बोंबेवरच तिचा जीव टांगलेला होता.

आठवड्याभराने दोघं कॉफी पीत बसले असताना मार्केटाच्या फोनवर लाल आकडा आला. आवाज मात्र आला नाही. तिचं लक्ष नव्हतं. रेयोने मुकाट्याने फळांचा रस तिच्यापुढे सरकवला.

"आज एवढे लाड कशाला रे?"

"पी गं, उरलाय म्हणून दिला."

मग आत जाऊन त्याने कंपनीला सविस्तर कळवलं. लाज वाटते सांगायला, पण तो खूश होता. इतकी मोठी चूक आपल्याला सापडली! उत्तर आलं, "पुन्हा घडल्यास कळवा." कारखान्यातही हाच दंडक होता. एकदा दिसलेली चूक कुणी मानत नसे. ती दुसऱ्यांदा दिसेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. जुनी आवृत्ती परत टाकणं हे दुपारभराचं काम होतं. रेयोने ते केलं नाही आणि मार्केटालाही काही सांगितलं नाही. मी आहे ना लक्ष ठेवायला, असं त्याने स्वतःला समजावलं.

जुलैत ते तळ्याकाठच्या आपल्या लाकडी घरी गेले. शनिवार म्हणजे साऊनाचा, वाफेच्या स्नानाचा दिवस. मार्केटा जेवून आडवी झाली आणि रेयो काठावरच्या साऊनासाठी लाकडं फोडायला गेला. भट्टी पेटवली, पाणी भरलं, वाफेत अंगावर मारायला बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी बांधली. तिला बोलवायला आला तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हाकेला ओ देत नव्हती. उशाशी फोन होता. लाल आकडा दाखवत गप्प पडलेला.

तुर्कूच्या इस्पितळात ती दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. डावा हात अजून उचलत नव्हता. टाम्पेरेहून मुलगी, आउटी, धावत आली होती.

"फोन वाजला नाही," मार्केटा जड जिभेने म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. त्याची जीभच रेटली नाही.

"एकदा दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू जुनं परत टाकायला लावलं असतंस."

"बाबा!" आउटी ओरडली.

मार्केटा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं रेयोला वाटलं. तिने उजव्या हाताने फोन लेकीकडे सरकवला.

"ह्यात जुनं सगळं परत टाकून आण. आणि माझा गजर तुझ्याही फोनवर वाजेल असं कर."

"अगं आई, मी दोन तासांवर राहते. बाबा घरातच असतात ना?"

"म्हणूनच सांगतेय," मार्केटा म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.