टाकीचा नैवेद्य

सांडू श्वास घ्यायचा तेव्हा त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. वाळूजच्या त्या क्लोरेटच्या कारखान्यात नवी माणसं हसायची, जुनी नाही. टाक्यांत वर्षानुवर्षं डायक्रोमेटची नारिंगी पूड घालणाऱ्याच्या नाकाचा आतला पडदा झिजतो, त्याला भोक पडतं, हे जुन्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं, पण त्यांची नाकं शाबूत होती.

दमयंती तिथली केमिस्ट. ती शिट्टी ऐकली की तिचा जीव तुटायचा. पण पूड सोडता येत नव्हती. टाकीतल्या मिठाच्या पाण्यातून वीज सोडून माल करायचा; पुडीमुळंच कॅथोडवर, म्हणजे विजेच्या ऋण पत्र्यावर, पातळ साय धरायची आणि तयार झालेला माल तिथं परत मोडत नसे. पूड नाही तर वीज वाया. शेवटी बाई हट्टाला पेटली आणि पुडीचंच काम करील असा निर्धोक लेप तिनं कॅथोडला दिला. एका टाकीत तो बसवला, तिची पूड बंद केली. पावसाळाभर टाकी झकास चालली, पाणी अगदी नितळ. दसऱ्यानंतर मुख्य कचेरीतली माणसं पाहायला येणार होती. त्यांनी मान डोलावली की सगळ्याच टाक्यांची पूड सुटणार होती.

खंडेनवमीला टाक्यांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, आणि तिथली जुनी रीत म्हणून प्रत्येक टाकीला वाटीभर पूड, तिचा नैवेद्य.

दसरा उलटला, पाहुणे आले. बघतात तर नितळ टाकी पुडीच्या टाक्यांसारखीच पिवळीजर्द! दमयंतीच्या तोंडचं पाणी पळालं. पूड कुणी घातली, असं तिनं विचारायच्या आत सांडू आपणहून पुढं आला.

"सणाचं समद्यांला वाढलं, अन् हिलाच उपाशी कसं ठेवू, म्याडम? ही तर तुमची टाकी. वाटीभरच घातलं, लई नाय."

आता या माणसाला काय म्हणावं! ज्या विषानं नाक खाल्लं, तेच यानं मायेनं वाढलं होतं. दमयंतीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं.

आधीची सगळी तपासणी स्वच्छ आहे, पाणी बदलून, लेपाचा नवा कॅथोड लावून पुन्हा चालवू, असं तिनं परोपरीनं सांगितलं. पाहुणे म्हणाले, तपासणी तुमचीच, आणि हा पहिल्यापासूनच घालत नसेल कशावरून? सांडूनं पोरांची शपथ घेतली. त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. कालपर्यंत तिची पाठ थोपटणारे मॅनेजर अनंतराव हळूच म्हणाले, "अहो, पुडीनं चालतंय ना? मग चालू द्या की." त्यांना निमित्तच हवं होतं, ते आयतं मिळालं.

त्याच आठवड्यात टाकीत बिनलेपाचा जुना कॅथोड बसला. सांडूची नोकरी गेली नाही. पूड घालायला दुसरं कोण तयार होतं? तो वाटी घेऊन टाकीपाशी उभा राहिला. एरवी केमिस्टच्या हुकमाशिवाय पूड पडत नसे, आणि दमयंती तर दसऱ्यापासून त्याच्याशी बोलली नव्हती.

"घालू का, म्याडम?" त्यानं भीत भीत विचारलं. मागोमाग ती शिट्टी वाजली.

दमयंतीनं मान फिरवली. "घाला, सांडूभाऊ."

म्याडम बोलल्या, राग गेला म्हणायचा! त्या आनंदात सांडूनं वाटी शिगोशीग भरली.