खारं वारं, मुक्काम कवठे महांकाळ

आमच्या बँडचं नाव 'खारं वारं'. आम्ही चौघंही साताऱ्याचे, म्हणजे समुद्र आमच्यापासून घाट उतरून चार तासांवर. तरी नाव खारं वारं, कारण आम्ही सर्फ रॉक वाजवतो.

सर्फ रॉक म्हणजे काय हे ऋषिराज कुणालाही समजावून सांगतो, अगदी गॅसची टाकी आणून देणाऱ्यालासुद्धा. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत, लाटांवर फळी घेऊन उभी राहणारी पोरं होती, त्यांच्यासाठी निघालेलं संगीत. गाणारा लागत नाही. गिटारची तार इतकी झरझर छेडायची की पाणी उसळल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि आवाज असा घुमवायचा की जणू विहिरीत तोंड घालून कुणी वाजवतंय. हे सांगताना ऋषीचे डोळे लांब कुठेतरी क्षितिजावर लागतात. तो स्वतः दोनदा समुद्रावर गेलाय. एकदा शाळेच्या सहलीत, तेव्हा त्याला बस लागली होती. आणि एकदा मागच्या वर्षी, तेव्हा पँट नवी होती म्हणून घोट्याच्या वर पाण्यात आला नाही.

तर ऋषी मुख्य गिटार वाजवतो. बँडचा मालक असा कुणी नाही, पण रुसण्याचा हक्क त्याचा. दुसरी गिटार सद्दामची. त्याच्या अब्बांचं मंडप-स्पीकरचं दुकान आहे, त्यामुळे स्पीकर त्याचे, टेम्पो त्याचा आणि अक्कलही बहुतेक वेळा त्याचीच. ड्रमवर शंभूराज, माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते, स्टेजवर शंभू, कारण तिथं 'अहो' अशी हाक मारली की तिघंही वळून बघतात.

आणि मी संयोगिता, बास वाजवते. चार जाड तारांची गिटार, खालचा घुमारा देणारी.

दीड वर्ष ती हातात धरली नव्हती. पोटात मल्हार होता, मग मांडीवर मल्हार होता. आता तो दहा महिन्यांचा झाला आणि आम्हाला तीन दिवसांत तीन कार्यक्रम मिळाले: शुक्रवारी मेढा, शनिवारी सांगलीत विश्रामबागेतलं एक कॉलेज, रविवारी कवठे महांकाळ. निघायच्या आदल्या दिवशी दुपट्यांच्या घड्या घालता घालता मी शंभूला सांगून टाकलं, "या तीन दिवसांत जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी बँडमधून बाजूला होते. चिडून नाही, रडून नाही. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

तो म्हणाला, "बघू."

"बघू नाही. ठरलं."

मल्हारला सांभाळायला आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बनुबाई. "पोराला म्या बघते. तू तुझं ढॅण ढॅण कर," म्हणून पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसल्या, आणि बसल्याबसल्या ऋषीला म्हणाल्या, "व्हय रं ऋषी, सर्फ म्हंजे कपडे धुवायचं न्हवं?"

ऋषी क्षितिजाकडं बघू लागला. क्षितिजावर टेम्पोचं दार होतं.

आत्यांचा एक पक्का नियम होता. लेकराला आई दिसली की ते आईच मागतं, तेव्हा कार्यक्रम चालू असताना आई दिसूच द्यायची नाही. त्यामुळे मेढ्याला हॉलच्या मागच्या खोलीत त्या मल्हारला घेऊन बसल्या आणि दार लावून घेतलं.

मेढ्याला चाळीसएक माणसं होती. पुढच्या रांगेत आप्पासो नावाचे एक आजोबा, मंडळाचे सल्लागार. आम्ही एक वाजवलं, दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं. ऋषी घामाघूम. टाळ्या नाहीत, पण सगळे मन लावून ऐकतायत. चौथं संपल्यावर आप्पासो उठून उभे राहिले, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "पोरांनू, आवाज एकदम झकास लागलाय. आता करा सुरू."

"आजोबा, सुरूच आहे की," ऋषी म्हणाला.

"आरं पण गाणारा कुठाय?"

त्यांना चारही तुकडे साहित्य तपासणं वाटलं होतं. ऋषीनं माइक घेतला, अमेरिकेपासून सुरुवात केली, फळीपर्यंत पोचला. मग आमचा एकुलता एक संथ तुकडा सुरू झाला. त्याच्या अगदी मधोमध मागच्या खोलीतून मल्हारनं असा काही सूर लावला की दार, भिंत आणि सद्दामचे स्पीकर ओलांडून तो पुढच्या रांगेपर्यंत आला.

"हां," आप्पासो शेजाऱ्याला म्हणाले, "आता आलं बघा गाणं."

सगळे हसले. मीही हसले असते. पण त्या सुराचा अर्थ मला कळत होता. बास भिंतीला टेकवून मी मागं पळाले. ती परत उचलली ती टेम्पोत ठेवायलाच.

विश्रामबागेत कॉलेजच्या पोरापोरींनी मात्र आम्हाला डोक्यावर घेतलं. नाचले, ओरडले, ऋषीबरोबर फोटो काढले. हे सगळं मला नंतर कळलं. मुलींच्या खोलीत, आरशाखालच्या बाकावर बसून मल्हारला पाजताना मला भिंतीपलीकडून फक्त शंभूचा ड्रम ऐकू येत होता. सहापैकी दोन तुकडे मी वाजवले. आत्या म्हणत होत्या, "आता दारच लावून ठेवते मघापेक्षा घट्ट." आणि दार जितकं घट्ट, तितका मल्हारचा आवाज मोठा.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऋषीनं विषय काढला. बिचारा इतक्या जपून बोलत होता की मला आधीच कळलं.

"संयु, एक सुचलंय. आपल्या जुन्या रेकॉर्डिंगमधला तुझा बास सद्दामनं वेगळा काढलाय. लॅपटॉपवर. कवठ्याला तो लावू. म्हणजे वाजवतेस तूच, फक्त... तू निवांत बाळाकडं बघ."

निवांत. दहा महिन्यांत हा शब्द मला पहिल्यांदा कुणी दिला, आणि तो असा. माझ्या जागी बदली म्हणून मीच आले होते. दीड वर्षापूर्वीची मी, झोप झालेली, केस विंचरलेली, एकही सूर न चुकवणारी. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

शंभूनं उरलेला चहा एका घोटात संपवला. मी म्हणाले, "चालेल." आणि मनात म्हटलं, झालं, ठरल्याप्रमाणं. चिडून नाही, रडून नाही. दुसरं थोडंसं चुकलं, पण ते रात्री, उशीवर, आवाज न करता.

कवठे महांकाळला दुपारी पोचलो, तर चौकात आमचा फ्लेक्स. पाच फुटी फणा काढलेला नाग, फण्याखाली आमची चार तोंडं, आणि वर लाल अक्षरांत: 'साताऱ्याचा सुप्रसिद्ध सर्प रॉक बँड'.

ऋषी टेम्पोतून उतरला तो तसाच उभा राहिला. मंडळाचा अध्यक्ष कृष्णात हसत हसत हार घेऊन आला. द्राक्षबागायतदार, मोकळा माणूस.

"दादा, हे सर्प कुठनं आलं?"

"आवं, तुमी पाठवलेल्या कागदावर सर्फ लिव्हलं हुतं," कृष्णात म्हणाला. "सर्फ म्हंजे कपड्याचा साबण. म्हटलं सातारकरांची टायपिंगची चूक झालीया. म्या सुधारून घेतली. जादा पैसं न्हाई पडलं."

त्यानं चूक सुधारली होती, त्याला बोलायचं काय? सद्दाम टेम्पोच्या मागं जाऊन पोट धरून हसून आला.

बाकी गर्दी मात्र दणदणीत. पाच वाजता, उन्हं कलताना मैदान भरलं. मळ्यातून, वाड्यावस्त्यांवरून माणसं आली होती. एकानं सद्दामला बाजूला घेऊन विचारलं, "वनखात्याची परवानगी काढलीया न्हवं? न्हाई तर उगं भानगड." दुसऱ्यानं विचारलं, "नागाची पेटी कंची?"

सद्दामनं शांतपणे मोठा स्पीकर दाखवला. "ही काय."

माणूस दोन पावलं मागं सरला.

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं होतं. मागं खोली नाही, दार नाही, पडदासुद्धा नाही. आत्यांनी दोनदा चक्कर मारली आणि शेवटी नाइलाजानं पुढच्या सतरंजीवर, बायकांच्यात जागा धरली. मी मल्हारला कानटोपी घालून, स्पीकरपासून लांब, त्यांच्या शेजारी बसले. प्रेक्षक म्हणून. लॅपटॉप ट्रॉलीच्या कडेला स्टुलावर माझी जागा धरून होता.

ऋषीनं पहिला तुकडा सुरू केला, सगळ्यात झरझर वाजणारा. सुरांची चाल जरा वळणावळणाची, आणि घुमवलेला आवाज. आता खरं सांगायचं तर मीही तो शंभरदा वाजवलाय, पण त्या मैदानात बसून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ती हुबेहूब पुंगी आहे.

मैदानाला आधीच कळलं होतं. एकानं रुमाल दातात धरला. दुसऱ्यानं डोक्यावर हातांचा फणा केला. पाहता पाहता दहा-वीसजण धुळीत लोळायला लागले आणि कडेच्या म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. ऋषी डोळे मिटून समुद्रात होता. त्यानं उघडून बघितलं तेव्हा समोर वरातच होती. पण खरं सांगू? त्याला आवडलं. चेहरा रुसलेला ठेवून हात मात्र दुप्पट वेगानं चालायला लागले.

आणि तिथंच गोची झाली. तुकडा पावणेतीन मिनिटांचा. वरातीतला नागोबा काही पावणेतीन मिनिटांत उठत नाही. कुणी थांबू देईना, शंभू ड्रम बडवतोय, ऋषी पुन्हा पहिल्यापासून गेला; आणि लॅपटॉपमधली मी, वक्तशीर बाई, ठरल्या वेळी थांबले.

मैदानाला नेमकं काय गेलं ते कळलं नाही. पण पाय अडखळले. वर आवाज तेवढाच होता, खालची जमीन मात्र गेली होती. मल्हार इतका वेळ माझ्या मांडीवर बसून ढुंगण उडवत ताल धरत होता. तो थांबला आणि वळून माझ्याकडं बघायला लागला. का बंद केलंस, असं.

"आत्या, धरा याला."

"आगं येडे, दिसशील त्याला!"

"दिसू दे."

कुणीतरी हात दिला, मी ट्रॉलीवर चढले. बास टेम्पोतून उतरवून ठेवलेली होतीच, सद्दामनं ती न विचारता माझ्या गळ्यात घातली आणि वायर जोडली. पहिला सूर चुकला. दुसराही. तिसऱ्याला शंभूच्या ड्रम हाणणाऱ्या पायाशी माझं बोट जुळलं, आणि धुळीतले नाग परत उठले.

मल्हारला मी दिसले. खालचा ओठ बाहेर आला. दोन्ही हात पुढं. आत्या उठून त्याला लांब न्यायला निघाल्या, मी वाजवता वाजवता मानेनं नाही म्हटलं. तो रडला. मी त्याच्याकडंच बघत वाजवत होते. रडता रडता तो माझ्या हाताकडं बघायला लागला, मग उचकी, मग नुसतंच बघणं. तोंड उघडं, गालावर पाणी. आई आहे, तिथं आहे, काहीतरी करतेय. आजवर तो रडत होता तो बंद दाराला, मला नाही. त्याला काय समजलं ते तोच जाणे. माझ्या अंगाला मात्र त्याचं रडणं बरोबर समजलं, आणि पान्ह्यानं पुढून कुर्ता भिजला. बास मोठी असते, ते बरं.

नऊ मिनिटं वाजवलं. संपल्यावर मी ऋषीजवळ जाऊन म्हणाले, "मला थोडा वेळ लागेल. तो भुकेलाय."

कृष्णात जवळच होता. "मग तवर कंप्युटर लावा की!"

ऋषीनं लॅपटॉपकडं बघितलं, माझ्या घामेजल्या तोंडाकडं बघितलं आणि वायर उपटली. "दादा, त्याला पावणेतीन मिनिटंच येतंय. पुढचं हिला येतंय. थांबू आपण."

कृष्णातला पटलं. त्यानं माइक घेतला. "मंडळी, कुणी उठू नका! दूध पाजायचं चाललंय. दूध पिऊन झालं की कार्यक्रम फुडं सुरू!"

मैदान एकदम चिडीचूप. दोघा-तिघांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मागची माणसं टाचा उंच करून बघायला लागली.

मी ट्रॉलीच्या आडोशाला बसून ओढणी घेतली. आत्या पदर पसरून पुढं उभ्या राहिल्या. कडेची एक बाई हळूच सरकत आली, दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, केवढा हाय वो?"

"धा महिन्याचा," आत्या म्हणाल्या.

"आगं बया, एवढुसाच? चावतो का?"

"चावतो की. चारच दात आल्यात, पर लय जोरात चावतो. हिला इचार."

बाईनं माझ्याकडं बघितलं, ओढणीखालच्या हालचालीकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

ट्रॉलीवरून ऋषी वाकून म्हणाला, "संयु, सावकाश."

मल्हारनं एक डोळा उघडून त्याच्याकडं बघितलं, मिटला, आणि अजून निवांत प्यायला लागला.