गोदेचं वासरू आणि दोन किलो विभूती

"उंबलाचेरी जात टिकली तर कावेरीचं खोरं टिकेल, आणि खोरं टिकलं तर देश टिकेल!" असं जयतीर्थरावांनी गोठ्यात उभं राहून जाहीर केलं. श्रोत्यांत एकटी गोदा होती, आणि तिचं सगळं लक्ष त्यांच्या धोतराचा सोगा चघळण्यात होतं.

जयतीर्थराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तोवर त्यांचा आणि गाईचा संबंध कॉफीपुरताच होता. मग एका माहितीपत्रकात त्यांनी वाचलं, की आपल्याच मुलखातली ही करडी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी दिसणारी जात संपत चालली आहे. महिन्याभरात गोदा परसात आली. पुढे तिला पट्टीश्वरमच्या वळूकडे नेलं. पंचक्रोशीतला तो शेवटचा अस्सल वळू; पावसाळ्यात म्हातारपणाने गेला. त्याचं नाव चालवायला गोदेच्या पोटातलं वासरू तेवढं उरलं.

ते काल झालं. गोऱ्हा. आणि तांबडाभडक.

करड्या गाईला, करड्या वळूपासून, तांबडं? जयतीर्थरावांनी माहितीपत्रक काढलं. 'रंग : करडा.' पुढचं पान गोदेने मागेच खाल्लं होतं. मग त्यांची नजर आपोआप कुंपणाकडे गेली. पलीकडे हनुमंतरावांचा जर्सी वळू रवंथ करत उभा होता. तांबडा. हे कुंपण मध्यंतरी मोडलं होतं. नक्की कधी, ते काही केल्या आठवेना.

"तुमच्या गाईच्या वागणुकीबद्दल मी बोलत नाही," त्यांच्या पत्नी वेंकटलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पण ठरलं ते ठरलं. डॉक्टरम्माने वासराची अस्सल म्हणून नोंद केली तर दोघं राहतील. नाही केली तर त्या गुरांच्या व्यापाऱ्याला बोलवा. दोनदा येऊन गेला बिचारा."

"तो बिचारा लॉरी भरून कुठे नेतो ठाऊक आहे ना?"

"मला कशाला सांगता? गाईला सांगायचं होतं, वेळेवर."

वंशनोंदणीच्या डॉक्टर हरिणी उद्या दहाला यायच्या होत्या. कुंपण कधी मोडलं ते विचारावं तर कुणाला? गोदेची देखभाल करणारा महालिंग आडुतुरैला लेकीकडे गेलेला, आणि त्याचा फोन इथेच वैरणीच्या टोपलीत वाजत होता. हनुमंतरावांना विचारणं म्हणजे सगळ्या गल्लीला विचारणं. इतक्यात वासरू धडपडत आलं आणि त्यांचा अंगठा चोखू लागलं. जयतीर्थरावांना ती लॉरी दिसली.

तेव्हा त्यांना राख सुचली. पण घरात गॅस येऊन तीस वर्षं झालेली. करडी, मऊ, मुबलक राख कुंभकोणममध्ये एकाच ठिकाणी मिळते : कुंभेश्वराच्या देवळाबाहेर.

जयतीर्थराव माध्व, म्हणजे कट्टर वैष्णव. तीनशे वर्षांत त्यांच्या घराण्यात कुणाच्या कपाळाला विभूतीचं बोट लागलेलं नव्हतं. दुकानदाराने आधी त्यांच्या अंगावरच्या गोपीचंदनाच्या मुद्रांकडे पाहिलं, मग वजनकाट्याकडे.

"दोन किलो? घरी कुणी आलंय का, सामी?"

"हो. कालच."

"शैव?"

"अजून नक्की नाही," जयतीर्थराव म्हणाले, आणि पिशवी उपरण्याखाली धरून निघाले.

सकाळी त्यांनी वासराला नाकापासून शेपटीपर्यंत माखलं. तेवढे पांढरे मोजे आणि कपाळावरचा चांद सोडला. वासरू तीनदा शिंकलं. दहाला हरिणी आल्या. त्यांनी मोजे पाहिले, चांद पाहिला, मान डोलावली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा रंग असा कधीपासून?"

"जन्मतःच!" जयतीर्थराव छाती काढून म्हणाले.

हरिणींनी पेनाला टोपण लावलं. "मग नोंद होणार नाही, सार. अस्सल उंबलाचेरी वासरू जन्मतं तांबडंच. सहा-आठ महिन्यांनी करडं होतं. जन्मतः करडं, म्हणजे कुठेतरी भेसळ."

खरं सांगावं तर लबाडी कबूल, आणि लबाडाची नोंद कोण करणार? न सांगावं तर लॉरी. जयतीर्थरावांनी तोंड उघडलं.

गोदेने त्याआधीच जीभ बाहेर काढली. मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब फटकारा, आणि वासराच्या पाठीवर तांबडा पट्टा उमटला. दुसरा फटकारा. दुसरा पट्टा.

तेवढ्यात मागच्या दाराने महालिंग आला, खांद्यावर पिशवी. "अय्यय्यो, डिट्टो बाप! पट्टीश्वरमचा म्हातारा वासरू होता तेव्हा असाच तांबडा. पण याला विभूती कुणी फासली?"

हरिणींनी बोट वासराच्या कुशीवरून फिरवलं, नाकाशी नेलं.

"कुंभेश्वराची?"

"हो," जयतीर्थराव जमिनीकडे बघत पुटपुटले.

हरिणींनी पेनाचं टोपण काढलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. जयतीर्थरावांनी तेवढ्यात सगळ्या देवांना हाक मारली, आज त्यात कुंभेश्वरालाही घेतलं. शेवटी हरिणींनी वाचून दाखवलं : "जन्माचा रंग, तांबडा. जात, अस्सल. मालक, अतिउत्साही." आणि शिक्का मारला.

जयतीर्थरावांनी उपरण्याने डोळे पुसले, घसा खाकरला. "आज कावेरीच्या खोऱ्याच्या इतिहासात..."

"सामी," महालिंग हळूच म्हणाला, "पिशवीत उरलेली विभूती मला द्याल का? तुमच्या घरी ती वायाच जायची."