पोटावर नाव कोरलेला हंडा

आवाज घुमतोय ना? घुमणारच. मी ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा स्टीलचा हंडा बोलतोय, आणि आज चौथा दिवस, माझ्यात पाणी नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. आधी नुसती पत्र्याची चकती होतो, मग मशीनखाली गेलो आणि पोट आलं. आम्हा चारशे भावंडांच्या पोटांवर एकच मजकूर कोरला गेला: 'हळदीकुंकवानिमित्त सप्रेम भेट, नगरसेवक काळुरामशेठ.' पाणी आणण्याची जबाबदारी ज्याची, त्याचं नाव पाण्याच्या आधी घरोघर पोचलं.

निवडणुकीच्या तोंडावर हळदीकुंकू झालं. शेठच्या पत्नी कलावतीबाईंनी जनीला कुंकू लावलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. जनी खाडीकाठची कोळीण, वाण घेतलं म्हणजे शब्द दिला असं मानणारी. शेठला हे पक्कं ठाऊक होतं. जाहीरनामा छापायचा खर्चही त्याने केला नाही.

जनीने त्यालाच मत दिलं. तिचा नवरा गुणाजी तर त्याचा जुना निष्ठावंत. गेल्या तीन वर्षांत शेठने दोनदा पक्ष बदलला. गुणाजीनेही बदलला, आणि दोन्ही वेळा त्याचे विचार म्हणे पहिल्यापासून तसेच होते.

"शेठनं पानी नाय दिला, पन हंडा तं दिलान," तो म्हणायचा.

घरात हिशेबाने विचार करणारी एकटी सून, दक्षता. ती वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जायची. टँकरच्या रांगेत रोज दोन तास जायचे, कामावर उशीर व्हायचा. सुपरवायझरने बजावलं होतं, आणखी एक खाडा झाला तर येऊ नकोस. शेवटी तिनेच साठ बायका जमवल्या आणि पाणीखात्याच्या ऑफिसवर हंडा मोर्चा ठरवला. मागणी एकच, इमारतीला नळजोडणी.

"मी नाय येनार," जनी म्हणाली. "वान घेतलाय मी त्याचा."

"आई, वाणात तुम्हाला हंडा मिळालाय ना? मग हंड्याला तरी पाठवा."

जनी हसली आणि तिने मला दिलं. घोटाळा तिथेच झाला. प्रत्येकीने घरातला चांगला हंडा आणला होता, आणि प्रत्येकीच्या घरातला चांगला हंडा म्हणजे माझं भावंड. साठ बायका, साठ पोटं, साठ वेळा काळुरामशेठ.

मोर्चा पाणीखात्याच्या दारात पोचला आणि अर्ध्या तासाने शेठची गाडी आली. तो उतरला, पहिल्या रांगेत दक्षताच्या पुढे उभा राहिला आणि छायाचित्रकाराकडे वळून म्हणाला, "माझ्या बहिणींसाठी मी रस्त्यावर उतरलोय." आतल्या साहेबांनी पाहणी करतो म्हणून सांगितलं. शेठने हात जोडले. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'पाण्यासाठी काळुरामशेठ मैदानात.' फोटोत मी ठळक होतो. माझ्या पोटावरचं वाचून बातमी लिहिली गेली होती. पोटात काय आहे ते कुणी डोकावून पाहिलं नव्हतं.

"बघ गो, उन्हात उभा रायला बिचारा," गुणाजीने जनीला फोटो दाखवला. पुढच्या मताची सोय झाली होती.

त्याच दुपारी दक्षता डबा न उघडताच घरी परत आली. मोर्चाच्या दिवसाचा खाडा तिला भोवला होता. काम गेलं. तिने मला उचलून कोपऱ्यात ठेवलं.

जनीने पेपर घेतला. तिला वाचता येत नाही, पण फोटो ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "फोटो त्याचा आला. काम तुजा गेला."

दक्षताने येत्या सोमवारी पुन्हा मोर्चा ठरवलाय. काल जनीने जुन्या लुगड्याची रुंद पट्टी फाडली, माझ्या पोटाभोवती आवळली आणि कोळ्यांची घट्ट गाठ मारली. नाव झाकलं गेलं.

"अगो, वान हाय तो," गुणाजी कळवळला. "कुकू लावलाय तुना तिनं."

"आंघोलीला पानी असता तं कुकू कवाच धुतला असता," जनी म्हणाली. "सोमवारी मी पन जानार. तू बी चल."

गुणाजी अजून विचार करतोय. शेठचं मत कळल्याशिवाय त्याला स्वतःचं ठरवता येत नाही.

सोमवारी मी जनीच्या डोक्यावर असेन. कॅमेरेवाल्यांनो, बातमीवाल्यांनो, या वेळी पोटावर वाचायला काही नाही. तेव्हा जरा वाका आणि आत बघा.