बन गेला, तवा राहिला

मी बिडाचा तवा बोलतोय. जाड बुडाचा, लांब दांड्याचा, काळाकुट्ट. गोडगोड आठवणी ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, कारण मी तक्रार घेऊन आलोय. माझ्यावर अन्याय झाला, तो भरदिवसा झाला आणि करणारा वर शीळ घालत होता.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, गार केलं, झालो मी तयार. नक्षी नाही, रंग नाही. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान गावात मार्लिस टोलेफ्सनच्या लग्नात तिच्या मावशीने मला आहेरात दिलं. त्याच आहेरात काचेचे पेले होते, फुलाफुलांच्या बशा होत्या. त्यांतलं आज काय शिल्लक आहे ते शोधून दाखवा.

मार्लिसने मला कधी साबण लावला नाही. गरम पाणी, ब्रश, फार तर थोडं जाडं मीठ. मग आचेवर ठेवून कोरडं करायचं आणि वरून तेलाचा पातळ हात फिरवायचा. असं वर्षानुवर्षं केल्यावर माझ्या अंगावर काळा, तुकतुकीत थर चढला. त्यावर अंडंसुद्धा चिकटत नसे. लोक पैसा साठवतात, मी तो थर साठवला.

तिचा नवरा ऑर्व्हिल. जिल्ह्याच्या जत्रेत चर्चचा खाण्याचा स्टॉल असायचा, तिथे बर्गर भाजायचा मान त्याचा. बन लोण्यावर भाजल्याशिवाय तो कुणाच्या हातात देत नसे. पाद्रीबाबा घाईत असले तरी नाही. घरी दर मंगळवारी तोच कार्यक्रम माझ्यावर व्हायचा.

आता या लोकांची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. पदार्थ घशाखाली उतरत नसला तर म्हणतात, "वेगळं आहे." यापेक्षा मोठी शिवी यांच्या भाषेत नाही. आणि जीव ओवाळून टाकावा इतकं आवडलं तर म्हणतात, "वाईट नाही." शिवाय शेवटचा तुकडा कुणीही घ्यायचा नाही. एकजण त्याचा अर्धा करतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी माझ्यावर नखाएवढा खिमा उरतो आणि सगळे त्याच्याकडे न बघता हवामानाबद्दल बोलतात. पाहुणा असेल तर विचारूच नका. तो उपाशी उठेल, पण शेवटच्या तुकड्याला हात लावणार नाही.

मार्लिस गेली आणि मी कपाटात गेलो. ऑर्व्हिल ओट्यापाशी उभा राहून नुसते बन खायचा, मधे काय घालायचं याचा विचारही न करता. साखर वाढली. पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी त्याच्या मुलीला, जनेलला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पाव-बन असेच चालू राहिले तर पाऊल वाचणार नाही.

जनेल त्याला स्वतःच्या घरी घेऊन आली. "तळ्यावरचा बर्फ वितळेपर्यंतच हं," तो म्हणाला. येताना एक बॅग आणली आणि टॉवेलात गुंडाळून मला. बॅग त्याने दाराशी ठेवली ती कधी रिकामी केलीच नाही. लागेल तो शर्ट वरून ओढून काढायचा आणि पुन्हा चेन लावायचा.

मला चुलीजवळ जागा मिळाली, काम नाही. जनेल दातांच्या दवाखान्यात दिवसभर उभी असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्यात फक्त अर्ध्या तासाचं बळ उरलेलं असतं. तिने एक सोपा उपाय काढला: बनशिवायचा बर्गर. वाडग्यात चिरलेलं सॅलड, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, वर परतलेला खिमा आणि किसलेलं चीज. कल्पना चांगली होती, मी नाकारत नाही. पण खिमा शिजवला कशात? त्या हलक्या, गुळगुळीत, न चिकटणाऱ्या पॅनमध्ये. त्यात सगळा खिमा एकदम ओतला आणि ढवळत बसली. खिम्याला पाणी सुटलं आणि तो ओल्या पुठ्ठ्यासारखा करडा झाला.

ऑर्व्हिलने वाडग्यात बघितलं. मग वाडगा किंचित फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं.

"बन खाली आहे का?"

"बन नाहीये बाबा. आजपासून असंच."

"म्हणजे ही कोशिंबीर. आणि खिमा चुकून पडलाय."

"खाऊन तर बघा."

त्याने खाल्लं. घास बराच वेळ तोंडात फिरवला. "वेगळं आहे," तो म्हणाला.

जनेलचा काटा हातातच राहिला. जावई कर्ट घाईघाईने म्हणाला की उद्या बर्फ पडणार आहे. ऑर्व्हिल म्हणाला, "पडू दे. मी परवा घरी जावं म्हणतोय. तुम्हाला माझा त्रास कशाला?"

त्या घरी कोण होतं? कुणी नाही. फक्त पावाचा डबा. जनेलला ते माहीत होतं. ती वाडगी उचलायला लागली.

आणि इथे माझ्यावरच्या अन्यायाची वेळ आली. कर्ट हा माणूस म्हणून उत्तम आहे. त्याचा एकच दोष, घरात कुणी दुःखी झालं की तो काहीतरी धुतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची नजर माझ्यावर पडली. "किती काळा झालाय बिचारा," म्हणाला आणि शीळ घालत मला त्या भांडी धुण्याच्या यंत्रात कोंबलं. आत कढत पाणी, तिखट साबण आणि चांगला दीड तास. बाहेर आलो तेव्हा मार्लिसचा थर गेला होता आणि अंगावर नारिंगी गंज फुलला होता. शेजारचे प्लास्टिकचे डबे चकाकत होते. लाज वाटली नाही त्यांना.

ऑर्व्हिल पाणी प्यायला आला आणि थांबला.

"मी म्हटलं, जरा स्वच्छ होईल," कर्ट म्हणाला.

"झालाय की."

"थोडा लालसर दिसतोय."

"वेगळा दिसतोय," ऑर्व्हिल म्हणाला.

कर्टचा चेहरा पडला. कानाखाली मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मला वाटलं, आता हा मला टॉवेलात गुंडाळणार, बॅग उचलणार आणि दोघं पावाच्या डब्याकडे जाणार. पण ऑर्व्हिलने बाह्या सरसावल्या. तारेच्या घासणीने त्याने मला घासलं, गंज पूर्ण जाईपर्यंत. तेलाचा हात दिला, पुसला, पालथा घालून तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवला. मग पुन्हा तेच. घरभर धूर झाला, छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला आणि कर्ट खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत राहिला. "तिचा होता हा," ऑर्व्हिल एकदाच म्हणाला, भोंग्याच्या आवाजात. कर्टने ऐकलं. हात खाली न घेता म्हणाला, "चुकलं माझं."

जनेल कामावरून आली तेव्हा मी चुलीवर तापत होतो.

"बाबा, हे काय?"

"नवीन थर आहे. टिकायला काहीतरी चरबीचं भाजावं लागतं. खिमा आहे का?"

"आहे. पण बन नाहीत घरात."

"मी बन मागितलाय का? सॅलड चिर."

त्याने खिम्याचे गोळे माझ्यावर लांब लांब ठेवले आणि उलथन्याने दाबून चपटे केले. मी चरचरलो. किती दिवसांनी. जनेलने सवयीने चमचा उचलला.

"हलवू नकोस."

"जळेल ना."

"जळू दे जरा. तुझी आई काय करायची, विसरलीस?"

खाली खरपूस तपकिरी कड धरली तेव्हाच त्याने गोळे उलटले. ते बाजूला काढून त्याच चरबीत कांदा टाकला आणि बुडाला लागलेली खरवड कांद्याने पुसून घेतली. "रस प्यायला बन असतो," तो म्हणाला. "नसला तर ते काम कांद्याने करायचं." तोवर जनेलने मेयोनीज, टोमॅटो सॉस, मोहरीची चटणी आणि बारीक चिरलेली लोणच्यातली काकडी कालवून ठेवली होती. वाडगी भरली. बन नव्हता. काटे होते.

सगळे खाली बघून जेवत होते. जनेल मात्र बापाचा जबडा बघत होती.

"कसं झालंय?"

तो चावत राहिला. काकडीचा एक तुकडा काट्याने बाजूला सारला, मग तोही खाल्ला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

जनेलने रुमालाने नाक पुसलं. कांद्यामुळे, असं तिने सांगितलं. कांदा केव्हाच शिजला होता.

मी टेबलाच्या मधोमध होतो आणि माझ्यात खिम्याचा एक तुकडा उरला होता. कर्टने त्याचा अर्धा घेतला. जनेलने उरलेल्याचा अर्धा घेतला. मग दोघं खिडकीबाहेर बघून बर्फाबद्दल बोलायला लागले. ऑर्व्हिलने हात पुढे केला, तो तुकडा बोटांनी उचलला आणि तोंडात टाकला.

बोलणं थांबलं. हा माणूस इतके दिवस या टेबलावर पाहुण्यासारखा जेवला होता.

"गार झाला असता," तो म्हणाला.

कर्टला काय करावं सुचेना, म्हणून तो उठला आणि माझ्या दांड्याकडे हात नेला. "मी धुऊन टाकतो."

"तू बस," ऑर्व्हिल आणि जनेल एकदमच म्हणाले.

"मग दुसरं काही धुवायचंय का?"

ऑर्व्हिलने दाराकडे मान वळवली. "माझे शर्ट आहेत बॅगेत. सगळे काढ. त्यांना साबण चालतो."

हल्ली मी चुलीवरच राहतो. ऑर्व्हिलच्या बोटाची जखम भरत आली आहे, आणि वाडग्यात बन शोधायचं त्याने सोडलेलं नाही, पण ते फक्त जनेलला चिडवायला. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद माळ्यावर गंजत पडला असेल. त्याला खाली काढा, घासा, तेल लावा, आचेवर ठेवा. आणि तुमच्याकडे कर्टसारखा प्रेमळ माणूस असेल, तर त्याच्या हाती आधी धुवायला शर्ट द्या.